'किंमत ओळखा' स्पर्धेत आकडा सांगितला आणि तोच आकडा माझ्याकडून वसूल झाला

जुनी बेसबॉल कार्डं, सही केलेले बॉल, जर्सी असल्या वस्तू लिलावात कितीला जातील याचा अंदाज लावायच्या स्पर्धा अमेरिकेत बऱ्याच चालतात. तुम्ही इकडे असाल आणि या छंदात पडला असाल तर तुम्हालाही कुणीतरी बोलावलं असेल. खेळा, खरंच मजा येते. पण स्पर्धा घेणारा माणूस स्वतःच लिलावात माल टाकत असेल तर त्याला तुमचा आकडा सांगू नका, खाजगी मेसेजमध्ये तर अजिबातच नाही. माझ्याकडून असेच पैसे काढले गेले आणि माझ्यासारखेच आणखी एका गृहस्थांचे गेलेत हे मी कागद बघून सांगतेय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मोठ्या ऑक्शन हाउसचा कॅटलॉग आला की त्यातले काही लॉट (लिलावातली एकेक वस्तू) निवडायचे, प्रत्येकाने आपापला आकडा द्यायचा, सगळ्यात जवळचा जिंकला, एवढाच खेळ. पण अभ्यास लागतो. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या सेटमधलं मिकी मँटल या खेळाडूचं ३११ नंबरचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ते ९.५ ग्रेडचं होतं, म्हणजे कार्डाच्या स्थितीला १० पैकी ९.५ गुण. तेच कार्ड कोपरे झिजलेलं, मधे घडी पडलेलं असेल तर याच्या एक टक्काही येत नाही. बेब रूथ या जुन्या दिग्गज खेळाडूची १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधली (वर्षाच्या अंतिम सामन्यांमधली) जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजारांना विकली गेली होती, मग जुन्या फोटोंशी जुळवून ती त्या सिरीजमधल्या मॅचमध्येच घातलेली असल्याचं दाखवलं गेलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिलाच २ कोटी ४१ लाखांच्या वर मिळाले. आणि कुणी रूथच्या सहीचा अमेरिकन लीगचा बॉल दाखवला आणि त्यावर लीगचा प्रेसिडेंट म्हणून जो क्रोनिनचं नाव छापलेलं असेल तर सरळ शून्य लिहायचं, कारण क्रोनिन प्रेसिडेंट झाला १९५९ ला आणि रूथ गेला १९४८ मध्येच.

ही क्रोनिनची गोष्ट मला आमची स्पर्धा घेणाऱ्या, म्हणजे मला फसवणाऱ्या माणसानेच शिकवली होती. म्हणजे माणूस अडाणी नव्हता, उलट फार छान समजावून सांगायचा, कुणी नवीन आलं की वेळ द्यायचा, बनावट माल कसा ओळखायचा यावर तर तासन्‌तास बोलायचा, आणि म्हणूनच सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसला. हे मला जास्त लागलंय.

त्याच्या स्पर्धेत आकडा ग्रुपवर टाकायचा नाही, त्याला एकट्याला पाठवायचा, का तर बाकीचे कॉपी करतील. ठीक आहे, पटण्यासारखं आहे. फॉर्ममध्ये पुढे एक प्रश्न असायचा, की ही वस्तू तुम्ही स्वतः घ्याल का, आणि घेतलीत तर जास्तीत जास्त किती द्याल. आणि मोठ्या हाउसच्या लॉटांमध्ये अधूनमधून एका छोट्या ऑनलाइन ऑक्शनमधले दोन-चार लॉट मिसळलेले असायचे. ते लॉट त्याचेच होते. हे त्याने कधीच सांगितलं नाही.

अशाच एका फेरीत हँक ॲरनचं १९५४ चं टॉप्स कार्ड आलं, १२८ नंबरचं, त्याचं रुकी, म्हणजे पदार्पणाच्या काळातलं कार्ड. ॲरन म्हणजे माझा जीव की प्राण. इंडियानापोलिस क्लाउन्समधून, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगमधून वर आलेला माणूस, रूथचा ७१४ होमरनचा विक्रम मोडणार म्हणून ज्याला पोतीच्या पोती भरून द्वेषाची पत्रं यायची आणि तरी ८ एप्रिल १९७४ ला ज्याने तो मोडला. ते कार्ड मला हवंच होतं आणि हे त्याला माहीत होतं. मी लिहिलं, बायर्स प्रीमियम धरून २,६५० डॉलर, आणि हो, मी एवढे देईन.

इथे नवीन लोकांसाठी सांगते, बोली जिथे थांबते त्यावर हाउस आपलं कमिशन लावतं, तोच बायर्स प्रीमियम, इथे २० टक्के होता, म्हणजे २,२०० ची बोली खिशाला २,६४० ला पडते. मी कमाल बोली २,२०० टाकून ठेवली. सिस्टीम आपल्यासाठी लागेल तेवढंच वाढवत जाते, समोर कुणी नसेल तर स्वस्तातही मिळतं. शेवटच्या संध्याकाळपर्यंत बोली १,५०० वर होती. मग एक नवीन खातं आलं, शंभर-शंभरने चढत गेलं आणि २,१०० ला थांबलं. आणखी एक पायरी चढलं असतं तर कार्ड त्याच्याच गळ्यात पडलं असतं, बरोबर त्याच्या आधी थांबलं. कार्ड मला मिळालं, २,६४० ला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं, काय अचूक अंदाज, फक्त १० डॉलरचा फरक, आणि बक्षीसही पाठवलं.

कार्ड अस्सल आहे. ग्रेड बरोबर, स्लॅब (कार्डाची सीलबंद प्लास्टिकची डबी) खरा, त्यावरचा सर्ट नंबर पीएसए या ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकला की तेच कार्ड दिसतं. या छंदात फसवणूक म्हटलं की सगळे खोट्या सह्या, रीप्रिंट, नवी दिसावीत म्हणून कडा कापलेली कार्डं एवढंच बोलतात, आणि हातात आलेली वस्तू खरी निघाली की आपण निर्धास्त होतो. पण इथे वस्तू खरी होती आणि किंमत खोटी होती, आणि खोटी किंमत कुठल्याही भिंगाखाली दिसत नाही.

उघडकीला आलं ते एका कार्ड शोमध्ये. पेनसिल्व्हेनियाहून आलेले एक वयस्कर गृहस्थ भेटले, तेही त्याच स्पर्धेतले. त्यांनी रॉबेर्तो क्लेमेंतेच्या १९५५ च्या कार्डावर बोली लावली होती, थोडक्यात हुकलं, आणि दोन दिवसांनी स्पर्धा घेणाऱ्याचा मेसेज, जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या शेवटच्या बोलीला तुम्ही घ्या. ते नाही म्हणाले. काही महिन्यांनी तोच सर्ट नंबर परत लिलावात. याआधी दुसऱ्या एका लॉटवर मात्र ते अडकले होते, तिथे शेवटचा प्रतिस्पर्धी त्यांनी कळवलेल्या आकड्याच्या बरोबर एक पायरी खाली थांबला होता. आम्ही दोघांनी फोन समोरासमोर ठेवून मेसेज आणि बोल्यांचा इतिहास ताडून पाहिला, तारीख-वेळेसकट, आणि मग बोलायला काही उरलंच नाही.

याला शिल बिडिंग म्हणतात, विकणाऱ्याच्या बाजूच्या माणसाने लावलेली खोटी बोली. आणि हे फक्त छोट्यांचं काम नाही. बिल मॅस्ट्रो हा या धंद्यातला एकेकाळचा सगळ्यात मोठा माणूस, त्याने २०१३ मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात गुन्हा कबूल केला. खोट्या बोल्या लावून भाव चढवले होतेच, शिवाय ते प्रसिद्ध होनस वॅगनरचं टी२०६ (जुन्या सिगारेटच्या पाकिटांतल्या सेटमधलं) कार्ड, जे आधी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीकडे होतं, त्याच्या कडा आपणच कापल्याचंही त्याने मान्य केलं. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही वाटते की आपण अंदाज बांधतो ते मागच्या विक्रीच्या आकड्यांवरून, आणि मागचा आकडाच फुगवलेला असेल तर पुढचा प्रामाणिक माणूससुद्धा त्याच्यावरच हिशोब करतो, त्याच्यावरून पुढचा. माझे २,६४० पण आता कुठल्यातरी यादीत 'बाजारभाव' म्हणून बसलेत!

हाउसला लिहिलं तर आधी उडवून लावलं. मग एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं की युनिफॉर्म कमर्शिअल कोड, म्हणजे व्यापारी व्यवहारांच्या नियमसंहितेच्या २-३२८ कलमात याची सोय आहे: आधी न सांगता विकणाऱ्याने स्वतः बोली लावली किंवा कुणाकडून लावून घेतली, किंवा लिलाव करणाऱ्याने त्याच्या वतीने आलेली बोली माहीत असून घेतली, तर घेणारा सौदा मोडू शकतो किंवा शेवटच्या खऱ्या बोलीच्या किमतीला वस्तू ठेवू शकतो. ते कलम लिहून पत्र पाठवल्यावर सूर बदलला. आम्हाला काही माहीत नव्हतं म्हणाले, खात्यांची नावं दिली नाहीत, कमिशनचे ४४० डॉलर परत केले आणि त्याचा माल घेणं बंद केलं म्हणून कळवलं. बाकीचे पैसे गेलेच. मी चेक पाठवला होता, क्रेडिट कार्ड असतं तर निदान बँकेकडे तक्रार तरी टाकता आली असती, पण ते हाउस क्रेडिट कार्ड घेतच नव्हतं.

पोस्टाने चेक गेला असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे तक्रार करता येते (मॅस्ट्रोवरचा गुन्हाही मेल फ्रॉडचाच होता), आणि ऑनलाइन भागासाठी आयसी३, म्हणजे एफबीआयचं इंटरनेट गुन्ह्यांचं तक्रार केंद्र. आम्ही दोघांनी दोन्हीकडे केली आहे. स्पर्धा घेणाऱ्याचा तो ग्रुप बंद झालाय, पण वेगळ्या नावाने तशीच स्पर्धा आणि तोच 'जास्तीत जास्त किती द्याल' प्रश्न असलेला फॉर्म फिरतोय असं ऐकलं. तुमच्याकडे आला असेल तर डिलीट करू नका. लॉट नंबर, सर्ट नंबर, पूर्ण बोल्यांचा इतिहास आणि तुम्ही आकडा पाठवला त्या मेसेजचा वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, एवढं जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा. मेसेज आधीचा आणि बोल्या नंतरच्या हे दिसलं पाहिजे, आमच्या तक्रारीत पुरावा म्हणून मुख्य तेच दिलंय.