पेले की मॅराडोना: एकच माहितीपट पाहायचा असेल तर

एखाद्या थोर फुटबॉलपटूच्या निमित्ताने त्याच्या देशाचे राजकारण समजून घ्यायचे आहे आणि त्यासाठी हाताशी एकच संध्याकाळ आहे, अशा वेळी नेटफ्लिक्सवरचा ‘पेले’ (२०२१) पाहावा की आसिफ कपाडिया यांचा ‘दिएगो मॅराडोना’ (२०१९), हा प्रश्न मला परिचितांकडून वरचेवर विचारला जातो. कोल्हापूरच्या पेठांत किंवा गोव्यात विश्वचषकाच्या दिवसांत ज्यांच्या घरावर ठरलेला एकच झेंडा लागतो, त्यांचा निर्णय झालेलाच असेल आणि तो बदलावा असा माझा आग्रह नाही. ज्यांचा झाला नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. दोन्ही माहितीपट मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. समीक्षकांचा कौल साधारणपणे मॅराडोनांवरच्या चित्रपटाकडे झुकतो आणि निव्वळ चित्रपटकला पाहिली तर तो मला मान्यही आहे.

त्या चित्रपटाची मोठी जमेची बाजू म्हणजे त्यातील जुने चित्रण. मॅराडोनांच्या पहिल्या एजंटाने त्यांच्यामागे कॅमेरे लावून ठेवले होते, त्यामुळे घरातले, गाडीतले, ड्रेसिंग रूममधले असे शेकडो तासांचे चित्रण उपलब्ध झाले, आणि कपाडिया यांनी त्यातून एक वेगवान, श्वास रोखून पाहावी अशी कथा उभी केली. ५ जुलै १९८४ रोजी इटलीतल्या नेपल्सच्या संघात दाखल होणाऱ्या मॅराडोनांना घेऊन शहराच्या रस्त्यांवरून भरधाव जाणारी गाडी, पुढे सान पाओलो स्टेडियममधला जनसागर, आणि पहिल्याच पत्रकार परिषदेत कॅमोरा या तिथल्या माफियाबद्दल प्रश्न येताच भडकलेले क्लबचे अध्यक्ष फेर्लाइनो, एवढ्या आरंभातच पुढच्या सात वर्षांची बीजे दिसतात.

मात्र यातले राजकारण प्रामुख्याने इटलीचे आहे, ही गोष्ट निवड करण्यापूर्वी लक्षात घ्यावी. उत्तरेतील श्रीमंत शहरांचे प्रेक्षक नेपल्सच्या संघाचे स्वागत ‘अंघोळ करा’ अशा फलकांनी करतात, दक्षिणेकडच्या माणसाला आपल्याच देशात परका ठरवले जाते, आणि ब्यूनोस आयरिसच्या झोपडवस्तीतून आलेला एक खेळाडू त्या अपमानित शहराला १९८७ मध्ये पहिले लीग विजेतेपद मिळवून देतो, हा भाग अतिशय सुंदर उतरला आहे. ३ जुलै १९९० रोजी अर्जेंटिनाचा विश्वचषकातील उपांत्य सामना नेमका नेपल्समध्ये आणि नेमका इटलीविरुद्ध येतो, तेव्हा मॅराडोना नेपल्सवासीयांना आठवण करून देतात की उरलेले वर्षभर हाच देश तुम्हाला आपले मानत नाही. इटली पेनल्टींवर हरते आणि त्या देशात त्यांना सांभाळून घेणारे हात एकेक करून मागे सरतात. प्रांतवादाचे राजकारण फुटबॉलच्या मैदानावर इतके स्पष्ट मी दुसऱ्या कोणत्या चित्रपटात पाहिल्याचे आठवत नाही. पण त्यांच्या स्वतःच्या देशाचे काय? १९७६ ते १९८३ या काळातील अर्जेंटिनाची लष्करी राजवट इथे जवळजवळ दिसतच नाही. ब्रिटनशी झालेल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धाचा संदर्भ १९८६ च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यापुरता येतो आणि कथा पुन्हा नेपल्सला परतते.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला, ती वरवर पाहता किरकोळ वाटेल. कपाडिया यांच्या शैलीनुसार या चित्रपटात बोलणारी माणसे बोलताना दिसत नाहीत. केवळ त्यांचा आवाज जुन्या चित्रणावर येतो आणि पडद्यावर त्यांचे नाव उमटते. ज्याला स्पॅनिश आणि इटालियन दोन्ही येतात, त्याला याने काही फरक पडत नसेल. माझ्यासारख्या प्रेक्षकाला मात्र आवाज कोणाचा हे नावावरून जुळवायचे, सबटायटल वाचायचे आणि त्याच वेळी वरचे दृश्यही पाहायचे, अशी तिहेरी कसरत दोन तासांहून अधिक काळ करावी लागते. घरच्या दूरचित्रवाणी संचावर सबटायटलची ओळ पडद्याच्या खालच्या भागात येते, आणि नेमक्या त्याच भागात मॅराडोनांचे पाय असतात. ज्या क्षणी नजर त्या डाव्या पायावर हवी, त्या क्षणी ती अक्षरांवर असते. मी अनेक प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिले, एकदा वाचण्यासाठी आणि एकदा खेळासाठी.

तेही मी चालवून घेतले असते. खरी उणीव यापुढची आहे. सत्तेशी, पैशाशी आणि गुन्हेगारांशी आलेल्या संबंधांबद्दल माणूस बोलतो, तेव्हा त्याचे शब्द अर्धेच सांगतात. उरलेले त्याच्या चेहऱ्यावर, तो घेत असलेल्या विरामात, खाली वळवलेल्या नजरेत असते. ते इथे हाती लागत नाही. प्रौढ मॅराडोनांचा आवाज ऐकू येतो आणि पडद्यावर मात्र तरुण मॅराडोना धावत असतात.

डेव्हिड ट्रायहॉर्न आणि बेन निकोलस यांच्या ‘पेले’मध्ये नेमके हेच मिळते. वॉकरच्या आधाराने सावकाश चालत पेले एका रिकाम्या खोलीत येतात आणि खुर्चीवर बसतात, आणि पुढे जे काही विचारले जाते त्याचे उत्तर त्यांना आपल्या डोळ्यांदेखत द्यावे लागते. १९५८ ते १९७० या चार विश्वचषकांच्या चौकटीत हा चित्रपट दोन कथा शेजारी शेजारी चालवतो: एका मुलाचा जगज्जेता होण्याचा प्रवास, आणि १९६४ च्या लष्करी उठावानंतर ब्राझीलचा हुकूमशाहीकडे झालेला प्रवास. डिसेंबर १९६८ मध्ये ‘संस्थात्मक कायदा क्रमांक ५’ आला, संसद बंद झाली, राजकीय कैद्यांचा न्यायालयात दाद मागण्याचा हक्क गेला, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. आणीबाणी पाहिलेल्या मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको, फक्त ब्राझीलमधला छळ कितीतरी अधिक क्रूर होता आणि लष्कराची सत्ता १९८५ पर्यंत टिकली.

त्या काळाबद्दल बोलायला दिग्दर्शकांनी निवडलेली माणसे विशेष आहेत. त्या राजवटीने अटक करून परदेशी घालवलेले गायक जिल्बेर्तो जिल इथे आहेत, आणि त्याच कायद्यावर मंत्री म्हणून सही करणारे देल्फिम नेतोही आहेत. दोघांचेही चेहरे समोर आहेत, आणि त्यांच्या मधोमध पेले. हुकूमशाहीमुळे तुमच्यासाठी काय बदलले, या प्रश्नावर ते सांगतात की त्यांच्यासाठी काही बदलले नाही, फुटबॉल तसाच चालू राहिला. छळाची माहिती होती का, या प्रश्नावर मात्र ते अडखळतात. काहीच कानावर आले नव्हते असे म्हटले तर ते खोटे ठरेल, इतके ते मान्य करतात, पण खात्री नव्हती असेही जोडतात. ही उत्तरे मला समाधानकारक वाटत नाहीत. तरीही ती देणारा माणूस दिसतो, आणि तो घाबरला होता, नकळता होता की त्याने सोयीने डोळे मिटले होते, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

त्यांचेच संघसहकारी पावलो सेझार लिमा त्यांच्यावर बोचरी टीका करतात: पेलेंनी एक शब्द उच्चारला असता तरी ब्राझीलमध्ये त्याला फार वजन आले असते. पत्रकार जुका क्फुरी दुसरी बाजू मांडतात. अमेरिकी मुष्टियोद्धे मोहम्मद अली यांनी सैन्यात जायला नकार दिला तेव्हा अटक होणार हे त्यांना ठाऊक होते, पण तुरुंगात छळ होण्याची भीती त्यांना नव्हती. पेलेंना तशी हमी कोणी दिली असती? या दोन मतांमध्ये चित्रपट निवाडा देत नाही, आणि मला ते योग्य वाटले.

१९७० चा विश्वचषकही त्यामुळे वेगळा दिसू लागतो. राष्ट्राध्यक्ष मेदिसी यांना तो विजय राजवटीच्या प्रतिष्ठेसाठी हवा होता. साम्यवादी विचारांचे प्रशिक्षक जुआव साल्दान्या यांना स्पर्धेच्या तोंडावर हटवून झागालो यांना आणले गेले. १९६६ च्या विश्वचषकात प्रतिस्पर्ध्यांच्या धसमुसळ्या खेळाने जायबंदी झाल्यावर पुन्हा विश्वचषक खेळणार नाही असे म्हणणारे पेले मेक्सिकोत उतरले, जिंकले, आणि त्या विजयाबद्दल बोलताना त्यांना रडू कोसळते. त्यांच्या बोलण्यात आनंदापेक्षा सुटकेची भावना अधिक आहे. पुढे मेदिसींच्या शेजारी हसणाऱ्या पेलेंचे चित्रण येते, तेव्हा ते हसू पूर्वीसारखे निरागसपणे पाहता येत नाही.

‘पेले’मध्ये उणिवा आहेत. मांडणी सरळसोट आहे, मधला भाग थोडा रेंगाळतो, आणि मोक्याच्या उत्तरानंतर मुलाखतकाराने आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता असे दोन-तीन ठिकाणी तीव्रतेने वाटते. कथा १९७० पाशी थांबत असल्याने पेले १९९५ मध्ये क्रीडामंत्री झाले, म्हणजे स्वतःच सत्तेत गेले, हा महत्त्वाचा अध्याय जवळजवळ बाहेरच राहतो. ज्यांना एका माणसाच्या उत्कर्षाची आणि पडझडीची गोष्ट हवी आहे, राजकारण पार्श्वभूमीला असले तरी चालेल, त्यांनी निःसंकोचपणे कपाडियांचा चित्रपट घ्यावा. ते निराश होणार नाहीत. मॅराडोनांची लॅटिन अमेरिकी डावी भूमिका, क्युबाचे नेते कास्त्रो यांच्याशी मैत्री आणि २००५ मधील अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बुश यांच्याविरोधातला मोर्चा पाहायचा असेल, तर एमिर कुस्तुरिका यांचा २००८ चा माहितीपट आहे, पण त्यात दिग्दर्शक स्वतःच बराच वेळ कॅमेऱ्यासमोर असतो.

खेळाडू आणि त्याच्या देशाची सत्ता हा विषय मनात धरून बसणाऱ्याला मी ‘पेले’ सुचवेन. दोन्ही पाहणे शक्य असेल तर तोच आधी पाहावा, कारण मॅराडोनांच्या चित्रपटाचा वेग अंगात भिनल्यानंतर पेलेंच्या संथ मुलाखतीला लागणारा धीर उरत नाही. आणि कपाडियांचा चित्रपट शक्यतो मोठ्या पडद्यावर पाहावा, म्हणजे सबटायटलच्या वर पायांसाठी थोडी जागा राहते.