अहमदाबाद की ढाका : लुई कान पाहायचे तर कुठे?

अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांचे काम प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा आहे, पण अमेरिकेतील त्यांच्या सॉल्क इन्स्टिट्यूट किंवा किम्बेल संग्रहालयापर्यंतचा खर्च झेपणारा नाही, अशा मुंबई-पुण्याच्या वास्तुकला-विद्यार्थ्यासमोर मुख्यतः दोन पर्याय उरतात : अहमदाबादचे आयआयएम आणि ढाक्याचे, म्हणजे बांगलादेशाचे, संसद भवन. दोन्ही कामे १९६२च्या सुमारास कान यांच्याकडे आली. मी दोन्ही पाहिली आहेत, आणि दोन्हींपैकी एकच निवडायचे झाल्यास माझे मत कुठे झुकते ते सांगतो. ते सर्वांना पटेल असा आग्रह नाही.

निव्वळ वास्तू म्हणून ढाक्याचे पारडे जड आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. मधोमध अष्टकोनी सभागृह, भोवती आठ खंड, बाजूला पाणी, आणि मक्केच्या दिशेला साधण्यासाठी मुख्य अक्षापासून किंचित वळवलेले प्रार्थनागृह, ही रचना नकाशावर पाहतानाही थक्क करते. काँक्रीटच्या भिंतींवर दर पाच फुटांवर दिसणारी संगमरवराची पांढरी पट्टी ही केवळ सजावट नाही. एका वेळी तेवढ्याच उंचीचे काँक्रीट ओतले जाई आणि दोन थरांमधला सांधा त्या पट्टीने झाकला जाई. बांबूच्या परांचीवर उभे राहून, डोक्यावरून माल वाहून उभारलेली ही इमारत कान यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, १९८२ मध्ये पूर्ण झाली, आणि १९८९ मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

मला खटकले ते अंतर. संसदेच्या सुरक्षेपुढे इलाज नाही, हे समजते. तरीही आत जाण्याची खास परवानगी नसेल तर आपल्या वाट्याला येते ती पाण्यापलीकडची, कुंपणापलीकडची इमारत. त्या भिंतींतील प्रचंड वर्तुळे आणि त्रिकोण मजल्यांशी जुळत नाहीत, त्यामुळे लांबून पाहताना उंचीचा अंदाज लागत नाही. पांढऱ्या पट्ट्या मोजत बसावे लागते. कान यांची सारी करामत उन्हातून सावलीत शिरताना कळते, भिंतीच्या जाडीतून चालताना कळते. तसे चालता येत नसेल तर उरते ते छायाचित्र, आणि ते घरीही पाहता येते.

अहमदाबादेत, आगाऊ परवानगी काढलेली असेल तर, विटेला हात लावता येतो. तिथल्या एखाद्या मोठ्या झरोक्याखाली थांबून वर पाहावे : विटांची बसकी कमान बाजूंना ढकलू पाहते, आणि तिचे दोन्ही पाय काँक्रीटच्या एका आडव्या तुळईने ओढून धरलेले असतात. भार कसा वाहतो ते गिलाव्याआड कुठेही दडवलेले नाही. दुपारी मधल्या चौकातले ऊन सोसवत नाही, पण शेजारच्या खोल व्हरांड्यात पाऊल टाकताच डोळे आणि कातडी दोन्ही निवतात. हा अनुभव मला ढाक्यात मिळाला नाही. विटांवर क्षाराचे पांढरे पापुद्रे आलेले दिसतात, काही ठिकाणी चिरा आहेत, हेही खरे. त्या खुणा मला तरी अभ्यासाचाच भाग वाटल्या.

मराठी वाचकाला इथे आणखी एक धागा सापडेल. कान यांच्याबरोबर फिलाडेल्फियात काम केलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले अनंत राजे यांनी या परिसराचे बांधकाम पुढे नेले आणि स्वतःच्या इमारतींची त्यात भर घातली. आयआयएमच्या विक्रम साराभाई ग्रंथालयाचे जतन मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने केले. २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

ढाक्याला जाण्याचे दुसरे काही कारण असेल आणि आत जाण्याची परवानगी हाती असेल, तर मी ढाका टाळा असे मुळीच म्हणणार नाही. अशा माणसाने तिथेच जावे. इतरांनी अहमदाबाद निवडावे, आणि शक्य तितक्या लवकर. तिथल्या, कान यांनी रचलेल्या अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२० मध्ये आला, जगभरातून विरोध झाल्यावर महिन्याभरात मागे घेतला गेला, आणि २०२२ मध्ये काही वसतिगृहांच्या पुनर्बांधणीचा विषय संस्थेने पुन्हा पुढे आणला. म्हणून तिथे पोचल्यावर जतन झालेले ग्रंथालय शेवटी ठेवावे. पहिला वेळ वसतिगृहांना द्यावा.