काळ्या मातीत आणि शहाबादी फरशीवर चार पायांचा वॉकर

खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर ॲल्युमिनियमचा, घडी होणारा, चाके नसलेला वॉकर घरी आला. पावसाळा, हिवाळा आणि आता उन्हाळा असे तिन्ही ऋतू मी तो परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी रोज वापरत आले आहे. वॉकर घेताना दुकानात चर्चा होते ती तो किती किलो वजन पेलतो याचीच. तो आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु इतक्या महिन्यांत माझ्या वॉकरची नळी कधी वाकली नाही, आणि तोल जाण्याचे जे प्रसंग आले ते जवळजवळ सगळे जमिनीपाशी आले.

आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. वर्षानुवर्षांच्या वावराने ती गुळगुळीत झाली असून न्हाणीघराच्या दारापाशी कायम थोडी ओली असते. कोरड्या फरशीवर वॉकरच्या पायांची रबरे उत्तम पकड घेतात, पण पाण्याचा पातळ थर मध्ये आला की रबर फरशीला नीट टेकत नाही आणि सरकते. रबराच्या तळाला जी गोलाकार खाचांची नक्षी असते, ती हे पाणी बाजूला सारण्यासाठी असते. खाचा झिजून तळ सपाट झाला की वरून धड दिसणारे रबरही निकामी समजावे. पीठ किंवा धूळ बसली तरी पकड कमी होते, म्हणून माझी सून रोज सकाळी केर काढून झाला की ओल्या फडक्याने चारही तळ पुसून कोरडे करते. रबराच्या आत धातूची चकती आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. ती नसेल तर नळीची कड रबराला आतून कापत जाते आणि शेवटी धातू थेट फरशीला लागतो. वॉकरसोबत आलेल्या रबरांत ही चकती नव्हती, आणि मागच्या उजव्या पायाचे रबर याच रीतीने गेले. नवी रबरे आणायला जाताना नळीचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्यावा, कारण सैल रबर चिखलात पायातून निघून राहते.

उंचीचे माप सोपे आहे. रोजच्या चपला घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत, आणि वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीला यावी. मग मूठ धरल्यावर कोपर सुमारे 20 ते 30 अंशांत वाकतो आणि दंडाचा जोर खाली लावता येतो. वॉकर उंच राहिला तर खांदे कानांकडे चढतात, बुटका राहिला तर माणूस पुढे ओणवा होतो. पाय कमी-जास्त करण्याची भोके साधारण एकेक इंचावर असतात, आणि चारही पायांच्या कळा (भोकातून बाहेर येणारी दाबायची बटणे) एकाच क्रमांकाच्या भोकात बसल्याचे हाताने चाचपून पाहावे. मुठीवरचा स्पंज उन्हाळ्यात घामाने निसरडा होऊन नळीवर फिरू लागला, ही मला गंभीर उणीव वाटते. तळहाताच्या आकाराची, नळीवर घट्ट बसणारी रबरी मूठ देणे उत्पादकाला अवघड नसावे.

खरी कसोटी घराबाहेर लागते. चार पाय सपाट जागेवर भक्कम असतात, पण ओबडधोबड अंगणात त्यांतला एक अधांतरी राहतो आणि भार टाकताच वॉकर डुगडुगतो. तिवई कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही, कारण तिचे तिन्ही पाय नेहमीच टेकतात. परंतु तीन पायांमधली आधाराची जागा लहान असल्याने बाजूला झुकणाऱ्या माणसाला ती पुरत नाही. म्हणून पाय चारच ठेवून, घोट्याप्रमाणे सर्व बाजूंना थोडे कलणारे रुंद तळवे त्यांना बसवावेत, असे मला मनापासून वाटते. आमच्या काळ्या मातीसाठी तर ते फारच आवश्यक आहे. या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात रबराच्या खाचा चिखलाने बुजतात आणि प्रत्येक पाय जड होतो, तर चैत्र-वैशाखात जमिनीला अशा भेगा पडतात की वॉकरचा एखादा पाय सहज आत जावा. सध्या मी बाहेर फक्त सिमेंटच्या वाटेनेच चालते, आणि सोबत कोणीतरी असेल तरच.

खाटेवरून किंवा खुर्चीवरून उठताना वॉकर धरून स्वतःला ओढू नये, हे फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते. मूठ आपल्याकडे ओढली की सगळा जोर मागच्या दोन पायांवर येतो, पुढचे पाय उचलतात आणि वॉकर अंगावर येतो. खुर्चीच्या हातांवर किंवा खाटेच्या कडेवर जोर देऊन आधी उभे राहावे, मगच मुठी धराव्यात. आमच्या जुन्या घराचा उंबरा उंच आहे. तिथे चारही पाय पलीकडे नीट टेकल्याखेरीज मी पाऊल उचलत नाही. शिवाय मागचे पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले असल्याने अरुंद दारात ते चौकटीला अडतात आणि साडीच्या निऱ्या त्यांच्या कळांत गुंततात. बाहेर आलेली कळ थोडी आत दबलेली ठेवली, तर साडी नेसणाऱ्या किती बायांची ही अडचण दूर होईल.

पुढे दोन चाके असलेला वॉकर उचलावा लागत नाही, म्हणून हातांत ताकद कमी असलेल्यांना तो बरा. उतार आणि ओली फरशी असलेल्या घरात मात्र मी तो घेणार नाही. केंद्र सरकारच्या 2017 मधील राष्ट्रीय वयोश्री योजनेतून ज्येष्ठांना वॉकर, काठ्या यांसारखी साधने मिळतात, आणि राज्याच्या 2024 मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांच्या खात्यात साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये जमा होतात. साधन कुठूनही मिळो, ते हातात देतानाच वापरणाऱ्याच्या मनगटाशी उंची जुळवून द्यावी. त्या रकमेतून वॉकर घेणाऱ्यांनी चकती असलेल्या रबरांचा एक जादा संच त्याच वेळी घेऊन ठेवावा, कारण आमच्या तालुक्याच्या गावी योग्य मापाची रबरे मिळाली नाहीत आणि ती परभणीहून मागवावी लागली.