थर्मासच्या झाकणाचं बटण: सातारा ते ट्रॉम्सो, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

एक लिटरचा, स्टीलचा, बटणाच्या झाकणाचा थर्मास. गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या साताऱ्याने घेतला असेल, त्यामुळे उंची, वजन, रंग सांगत बसत नाही. मी ऑक्टोबर २०२४ मध्ये १,४५० रुपयांना घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

घेतला तो नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवाकडे रात्री आभाळात दिसणारा रंगीत प्रकाश, अरोरा, बघायला जायचं ठरलं म्हणून. बँकेतून निवृत्त झाल्यावर हिला एकदा कुठेतरी लांब नेईन असा शब्द दिला होता. माझ्या डोक्यात सिंगापूर होतं, हिने उत्तर ध्रुवाच्या बाजूला बोट ठेवलं. मेव्हणा म्हणाला, १० मे २०२४ च्या रात्री लडाखच्या हानलेत दिसलाच की अरोरा, तिकडेच जा, स्वस्तात होईल. त्याला सांगितलं की तो कित्येक वर्षांतून एखाद्या मोठ्या सौरवादळात दिसतो, तोही क्षितिजाजवळचा लाल पट्टा, कॅमेऱ्याला साध्या डोळ्यांपेक्षा जास्त. हिला डोक्यावर हिरवा हवा होता.

तारखा ठरवायला इंटरनेटपेक्षा कालनिर्णय जास्त उपयोगी पडलं. चंद्र मोठा असला की फिका अरोरा धुऊन निघतो, म्हणजे अमावास्येच्या आसपास जायचं. डिसेंबर बाद केला. आम्ही निवडलेलं नॉर्वेतलं ट्रॉम्सो ६९ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे, तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. फेब्रुवारीच्या शेवटी दिवस नऊएक तासांचा असतो, म्हणजे दिवसा गाव बघता येतं आणि रात्रही भरपूर उरते. २७ ला अमावास्या, २६ ला महाशिवरात्र. २२ ते २८ फेब्रुवारी ठरलं. शिवाय ऑक्टोबरातच नासा आणि नोआ या अमेरिकेच्या हवामान संस्थेने सूर्य कमाल सक्रियतेच्या टप्प्यात आल्याचं जाहीर केलं होतं. असा टप्पा अकराएक वर्षांनी येतो, आणि पुढच्या वेळी माझे गुडघे बर्फावर चालू देतील असं नाही.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा), प्रौढाला ९० युरो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, अर्ज सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. आमचा विनातक्रार झाला, म्हणून त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता थर्मास. नॉर्वेचं चलन क्रोनर, तो तेव्हा आठेक रुपयांना पडत होता आणि कॅफेत एक कप चहा पन्नास क्रोनरच्या आसपास. चारशे रुपये! आम्ही दोघं, दिवसाला तीन कप, सहा दिवस, म्हणजे ३६ कप आणि १४,४०० रुपये. तेही टी-बॅग पाण्यात बुडवून दिलेल्या चहाचे. थर्मास पहिल्याच दिवशी फिटला. हा हिशोब मी हिला विमानात मांडून दाखवला, तिने कानात कापूस घातला.

निघण्याआधी चाचण्या घेतल्या. उकळतं पाणी भरून स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने वहीत नोंदी: भरताना ९५ अंश, बारा तासांनी ७५, चोवीस तासांनी ६१. ‘२४ तास गरम’ हे कंपनीचं म्हणणं मान्य. फक्त आधी पाच मिनिटं उकळतं पाणी घालून थर्मास आतून तापवायचा आणि गळ्यापर्यंत भरायचा. अर्धा भरला की फार लवकर निवतो. जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावावर पहाटे नेला. दव गोठून स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरं पडलं होतं, आणि चहाने जीभ भाजली. तेव्हा मी याला मनातल्या मनात पाच तारे देऊन टाकले होते.

एक गणित मात्र आधी करायला हवं होतं. उष्णता किती वेगाने जाते हे आत आणि बाहेर किती फरक आहे यावर ठरतं. साताऱ्यात आत ९५ आणि बाहेर २४, म्हणजे फरक ७१. उणे १६ मध्ये तोच फरक १११, दीडपटीहून थोडा जास्त. ही जास्तीची उष्णता निर्वात भिंतीतून फारशी जात नाही, झाकणातून जाते. म्हणजे थंडीत सगळा भार झाकणावर येतो. आणि याच्या झाकणावर बटण आहे.

खाण्याचं एक सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. युरोपीय क्षेत्राबाहेरून नॉर्वेत दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आपले कंदी पेढे बाद, आणि दुधाची भुकटी घातलेलं चहाचं तयार मिश्रणही बाद. आम्ही चहा पावडर, सुंठ, साखर आणि राजगिऱ्याचे लाडू नेले, दूध तिकडे घेतलं. थर्मासमध्ये कायम कोरा चहा आणि दूध वेगळ्या छोट्या बाटलीत, जॅकेटच्या आतल्या खिशात. दुधाचा चहा तासन् तास थर्मासमध्ये ठेवला तर नासतो आणि रबराला जो वास बसतो तो लिंबानेही जात नाही.

ट्रॉम्सो गावात थंडी वाटते तेवढी नाही. अटलांटिकच्या कोमट प्रवाहामुळे फेब्रुवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास. भीती थंडीची कमी आणि घसरायची जास्त, बुटांना अडकवायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच दिवशी घ्या. खरा वैरी ढग. मी सहा महिने केपी आकडा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ शून्य ते नऊमध्ये सांगणारा) पाच कधी होतो याची काळजी करत होतो, ती वाया गेली. ट्रॉम्सो अरोराच्या पट्ट्याखालीच येतं, केपी दोन असला तरी दिसतो, आकाश मोकळं हवं. नॉर्वेच्या हवामान खात्याच्या ‘यर’वर ढगांचा अंदाज बघा, बाकी ॲपं काढून टाका. समुद्रकाठामुळे गावावर सारखे ढग येतात. ज्यांना हे टाळायचंय ते स्वीडनमधल्या अबिस्कोला जातात, तिथे डोंगरांच्या आडोशामुळे आभाळ बरंच मोकळं राहतं.

आमच्या पहिल्या तीन रात्री ढगात गेल्या. चौथ्या रात्री प्रेस्टव्हान तळ्याकाठी एक फिकट राखाडी पट्टा दिसला, मी म्हटलं ढगच आहे. फोनने फोटो काढला तर हिरवा! अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो.

महाशिवरात्रीला मिनीबसवाल्यांकडे माणशी १,६०० क्रोनर भरले. ते मोकळं आभाळ शोधत नेतात, वर थंडीचा अख्खा सूट देतात. बारा हजारांचं जॅकेट विकत घेऊ नका, मी घेणारच होतो. त्या रात्री किनाऱ्यावर सगळीकडे ढग, म्हणून गाडी सरळ फिनलंडच्या हद्दीत, किल्पिसयार्वीला. दीडशे किलोमीटरच्या वर. पोचलो तेव्हा उणे १६. हिचा उपास. सकाळपासून दोन लाडू आणि चहा, आणि उरलेला चहा थर्मासमध्ये.

मी बटण दाबलं. बटण गेलंच नाही.

संध्याकाळी झाकण धुऊन तसंच लावलं होतं. बटणाखालच्या बारीक नळीत पाण्याचे चार थेंब राहिले असतील, त्यांचा बर्फ झाला. अंगठ्याने दाबलं, तळव्याने दाबलं, हातमोजा काढून दाबलं. फुंकर घातली तर वाफेचाच आणखी एक थर बसला. अख्खं झाकण फिरवून काढावं म्हटलं तर तेही हलेना. आणि नेमकं तेव्हाच आजूबाजूचे लोक ओरडायला लागले.

“अहो, ते झाकण सोडा आणि वर बघा!”

वर बघितलं. डोक्याच्या बरोबर वर, सगळीकडून किरणं एका ठिकाणी येत होती, हिरवी, आणि खालची कड गुलाबी, पडदा झटकल्यासारखी पळत होती. फोनची गरज नव्हती, हिरवा रंग डोळ्यांना दिसत होता. हिरवा ऑक्सिजनचा, शंभरएक किलोमीटरवरून, आणि खालचा गुलाबी नायट्रोजनचा, हे मला पाठ होतं. हिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. हिचे डोळे भरले होते. माझा उजवा हात मात्र बटणावरच होता, हे कबूल करतो. पाच-सात मिनिटांत सगळं विरलं.

आमच्याबरोबरच्या नॉर्वेजियन पोराने थर्मास हातातून घेतला, झाकण बघितलं आणि मान हलवली. त्याच्या पिशवीत जुनाट, पोचे आलेला थर्मास होता, साधं फिरकीचं बूच. आमचा थर्मास त्याने आपल्या सुटाच्या आत, काखेत धरला. दहा मिनिटांनी बटण खट्‌ करून गेलं. चहा अजून ७६ अंश होता (हो, थर्मामीटर नेला होता, हिने त्यावरूनही ऐकवलं). उणे १६ मध्ये, सात तासांनी ७६. थर्मास म्हणून याला तोड नाही, हे मी त्या रात्रीही म्हणालो आणि आजही म्हणतो.

इथपर्यंतचं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं, तीन तारे देऊन. तेव्हा माझा राग पूर्ण कंपनीवर होता. नंतर डब्यातलं पत्रक चष्मा लावून वाचलं. ‘झाकण धुतल्यावर पूर्ण कोरडं करून लावावे’ असं बारीक अक्षरात लिहिलंय. म्हणजे निम्मी चूक माझी. चार तारे करणार होतो.

मग जूनअखेरीस लोणंदला माउलींची पालखी आली. आम्ही दरवर्षी जातो. थर्मास पिशवीत, पिशवी खांद्याला, आणि गर्दीत बटण आपोआप दाबलं जाऊन तसंच अडकून बसलं. स्प्रिंग मेली होती. अर्धा लिटर चहा पिशवीत, टॉवेलवर आणि शेजारच्या एका माउलींच्या धोतरावर. त्यांनी “रामकृष्ण हरी” म्हणून सोडून दिलं, मी मात्र सोडलं नाही.

कस्टमर केअरला चार फोन. कार्डावर पाच वर्षांची वॉरंटी छापलीय. कळलं की ती ‘व्हॅक्यूम’ची, झाकण, बटण आणि रबर त्यात येत नाही. मग थर्मासला राहिलं काय, नळकांडं? साताऱ्यात सेंटर नाही, पुण्याला स्वतःच्या खर्चाने पाठवा. तिसऱ्या फोनला त्या मुलीने विचारलं, “सर, प्रॉडक्ट शून्य अंशाखाली वापरलं होतं का?” मी आयुष्यभर बँकेत खरं लिहीत आलो, खरं सांगून टाकलं. तक्रारीत नोंद झाली: अयोग्य वापर. अहो, खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र तुम्हीच छापलंय! नवं झाकण ४४९ रुपये, कुरिअर ९० वेगळे. म्हणजे ५३९ रुपये देऊन तेच बटण परत घरात आणायचं.

मोती चौकात भांड्यांच्या एका जुन्या दुकानात गेलो. मालकाने माळ्यावरून सुट्या झाकणांचं खोकं काढलं, दहा-बारा लावून बघितली. “काका, चहाच ओतायचाय ना? का लिफ्ट बोलवायचीय?” पहिलं बूच अर्ध्या फेऱ्यात सैल व्हायचं. दुसरं, कुठल्यातरी वेगळ्याच कंपनीचं, घट्ट बसलं. ११० रुपये. घरी येऊन उलटा करून रात्रभर ठेवला, खाली वर्तमानपत्र. एक थेंब नाही. सकाळी पाणी बारा तासांनी ७७ अंश, म्हणजे बटणाच्या झाकणापेक्षा दोन अंश जास्तच. वहीत नोंद आहे.

तेव्हा आत्ताचा निकाल: थर्मासला साडेचार, झाकणाला शून्य. सरासरी काढायची इथे सोय नाही म्हणून तीन तारे ठेवलेत. घेणार असाल तर याच मापाचा फिरकीच्या बुचाचा मिळतो का ते आधी बघा, दीडशे रुपये जास्त गेले तरी चालतील. बटणाचाच घेतलात आणि थंडीच्या गावी निघालात, तर झाकण धुतल्यावर चुलीजवळ उपडं ठेवून वाळवा आणि बाहेर पडल्यावर थर्मास पिशवीत न ठेवता जॅकेटच्या आत ठेवा.

एक विनंती. हानलेवाला मेव्हणा आता जानेवारीत अबिस्कोला निघालाय आणि थर्मास मागतोय. तिकडे ट्रॉम्सोपेक्षा बरीच जास्त थंडी. त्याच्याबरोबर एक जास्तीचं बूच द्यायचंय आणि मोती चौकातल्या खोक्यात या मापाचं ते एकच होतं. गळ्याचा आतला व्यास मी मोजला तो ५२ मिलिमीटर. साताऱ्यात, कराडात किंवा सांगलीत कुणाला दिसलं तर दुकान आणि किंमत खाली लिहा. दीडशेच्या वर असेल तर नको.