चन्नपटणाची लाखेची खेळणी, आणि घरी बनवलेल्या खेळण्याला लावायचं काय

बहिणीचं बाळ सध्या हाताला लागेल ते तोंडात घालतंय, त्यामुळे लाकडी खेळणं घेताना मी लाकूड कुठलं यापेक्षा त्यावर काय लावलंय हे आधी बघते. त्या हिशोबाने चन्नपटणाचा खुळखुळा आणि रिंगांचा मनोरा घेतला, त्याचा हा रिव्ह्यू. पाचपैकी साडेचार, आवडलंय.

चन्नपटणा कर्नाटकात बंगळूरू-म्हैसूर रस्त्यावर आहे. तिथलं पारंपरिक लाकूड म्हणजे हाले, आपण ज्याला काळा कुडा म्हणतो ते, हलकं आणि एकदम बारीक पोताचं. पण मला जे पटलं ते त्यावरचं काम. हे लोक पॉलिश ब्रशने लावतच नाहीत, खेळणं लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, गरगर फिरत असतं आणि रंग मिसळलेली लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात, घासून जी उष्णता होते तिने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीचं सुकं पान दाबून चकाकी आणतात. थिनर नाही, हार्डनर नाही, त्यामुळे खोका उघडला की वॉर्निशचा जो उग्र वास येतो तो इथे अजिबात नाही. आणि लाख म्हणजे तीच, किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर केलेली, शुद्ध करून औषधाच्या आणि खायच्या गोळ्यांवर चकाकीसाठी लावतात ती.

आता लाख चांगली म्हणजे रंगही चांगला असं आपोआप होत नाही हे मात्र लक्षात घ्या. जुनी पद्धत हळद, नीळ, कात असल्या रंगांची, पण आज सगळेच तसे रंग वापरतात असं नाही, तयार पिगमेंटही वापरतात, म्हणून विचारायचंच. विशेषतः पिवळा, केशरी, लाल, कारण स्वस्त रंगांमध्ये या छटा लेड क्रोमेटने आणतात आणि त्यात शिसं असतं. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं. ओल्या कापसाने घासून रंग निघत नाही म्हणजे शिसं नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, त्यातून फक्त रंग पक्का आहे एवढंच कळतं.

मग बघायचं काय? १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या आणि जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, म्हणजे चन्नपटणाच्या खेळण्यावर मार्क नसला तर लगेच ते बनावट ठरत नाही, मात्र तपासायची जबाबदारी आपल्यावर येते. मी विक्रेत्यांकडे टेस्ट रिपोर्ट मागितला, आयएस ९८७३ भाग ३ या भारतीय मानकाचा, यात खेळण्यातून शिसं, कॅडमियम वगैरे किती बाहेर येतं ते मोजतात. त्यांनी लगेच फोटो पाठवला. युरोपात असाल तर तिथलं मानक, ईएन ७१ भाग ३, विचारा. खोक्यावर मात्र रंग कसला आहे याबद्दल एक शब्दही नव्हता, फक्त ‘नॅचरल’ आणि ‘नॉन-टॉक्सिक’, अर्धा मार्क त्यासाठीच कापलाय.

सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणीही मला मनापासून आवडतात, ती फळं, ती भातुकली, बघत राहावं असं काम असतं. पण रंगवलेली वस्तू असेल तर रंग कुठला वापरला हा प्रश्न तिथेही विचारा. लाकडी फळं तशीही शोभेची, दात येणाऱ्या बाळाच्या हातात देऊ नका. आणि आजीच्या माळ्यावर जुनी रंगवलेली खेळणी असतील तर ती शोकेसमध्येच राहू द्या. घरगुती रंगांमध्ये शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही, आणि पापुद्रे निघत असतील तर बाळापासून लांबच.

घरी सुतारकाम करणाऱ्यांसाठी थोडं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते सुकत नाही आणि काही दिवसांनी खवट वास मारतं. जवसाचं कच्चं तेल सुकतं, पण फार हळू, पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते लवकर सुकतं कारण त्यात बऱ्याचदा कोबाल्ट किंवा मँगनीजचे ड्रायर असतात, मी ते बाळाच्या खेळण्याला वापरणार नाही. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कधीच ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा आणि मगच टाका. मी सध्या मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन आणि मधमाश्यांचं मेण, साधारण चारास एक, गरम पाण्यावर ठेवून वितळवते आणि थंड झाल्यावर कापडाने लावते. खवट होत नाही, लावायला सोपं, फक्त काही महिन्यांनी परत लावावं लागतं आणि पाण्यापासून फारसं संरक्षण मिळत नाही. चकाकी हवी असेल तर लाखेची चपडी (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून लावा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय खेळणं हातात द्यायचं नाही.

लाखेच्या खेळण्याची काळजी सोपी आहे पण पाळावी लागते. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसायचं नाही, लाख त्यातच विरघळते, चकाकी जाते आणि रंग कापडाला लागतो. उकळायचं तर बिलकूल नाही, उष्णतेने लाख मऊ पडते. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हातही टाकू नका. ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडं करायचं, एवढं पुरतं.

खुळखुळ्याच्या आतले मणी बाहेर येणार नाहीत ना हे ओढून, हलवून बघून घ्या, आणि मनोऱ्याची सगळ्यात वरची छोटी टोपी बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत काढून ठेवा, आम्ही तेच केलंय.