२४० जीबीवरून १ टीबीवर: क्लोनझिला वापरल्यानंतर

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवडणुका आल्या की पत्रकं, आणि आता सिंहस्थाची कामं. २०१५च्या सिंहस्थातली पत्रकं माझ्याकडे अजून जपून ठेवलेली आहेत. २०२७साठी तीच गिऱ्हाइकं पुन्हा यायला लागलीत. "ताई, मागच्या वेळचंच काढा, फक्त तारखा बदला." मागच्या वेळचं निघतं, पण फ्लेक्सची एकेक फाइल तीनशे-चारशे एमबीची, आणि माझी डिस्क २४० जीबीची. मागच्या महिन्यात सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. ९ जीबी शिल्लक. कोरलमध्ये, म्हणजे पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेव्ह करताना मशीन अडखळायला लागलं, तेव्हा एमजी रोडवरून १ टीबीची नवी डिस्क (एसएसडी) आणली.

डिस्क बदलणं सोपं असतं. अवघड असतं ते तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नेणं. चार वर्षांपूर्वी मी हेच काम शहरातल्या एका दुकानात दिलं होतं. त्यांनी नवीन विंडोज टाकून माझे फोल्डर परत आणून ठेवले आणि काम झालं म्हणून सांगितलं. घरी येऊन एक पत्रिका उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसती चिन्हं. माझ्या जुन्या फाइली श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचे, नव्हेत. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे नेमका तोच फॉन्ट मशीनवर नसला तर मजकूर वाचताच येत नाही. फॉन्ट, कोरलच्या सवयीच्या मांडण्या, प्रिंटरचे रंग हे सगळं पुन्हा जमवायला पंधरा दिवस गेले, तेही ऐन तुळशीच्या लग्नानंतर. त्यामुळे या वेळी नवीन विंडोज टाकायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

पुण्याच्या भाच्यानं क्लोनझिला सुचवलं. एका डिस्कची दुसरीवर हुबेहूब नक्कल करणारं, तैवानच्या सरकारी महासंगणन केंद्रातून आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. पैसे लागत नाहीत, नोंदणी नाही, जाहिराती नाहीत. ते विंडोजच्या आत चालत नाही. पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्याच्यावरूनच चालू करायचं असतं. मला आधी ही कटकट वाटली, नंतर पटलं. विंडोज झोपलेलं असतं, म्हणून कुठलीच फाइल उघडी नसते आणि नक्कल स्थिर डिस्कची होते.

तयारीत मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, आणि तेवढी घालवावीच. दुकानाचा डेटा आधी वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर काढला. नक्कल करताना मूळ आणि नवी यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाते, आणि तिथे परतीचा रस्ता नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू नाही ना, ते पाहिलं. ते चालू असेल तर क्लोनझिलाला आतली फाइलव्यवस्था ओळखता येत नाही, मग ते रिकाम्या जागेसकट सगळी डिस्क एकेक सेक्टर करत उचलत बसतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, कारण त्यात 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. मग सी ड्राइव्हची तपासणी करून मशीन नीट बंद केलं. डेस्कटॉप असल्यामुळे दुसरी डिस्क लावायला साटाची एक जादा केबल पुरली. लॅपटॉप असेल तर यूएसबीचा अडॅप्टर लागेल.

पडदा दिसायला जुनाट आहे. निळ्या पार्श्वभूमीवर चौकोन, माऊस नाही, बाणांनी खाली-वर जायचं. मी नवशिक्यांचा मार्ग घेतला: 'डिव्हाइस-डिव्हाइस', मग डिस्कवरून डिस्कवर, मग आधी मूळ आणि नंतर लक्ष्य. इथे एसडीए, एसडीबी अशी नावं येतात, आणि घाबरायला होतं ते इथेच. पण शेजारी डिस्कचा आकार, कंपनी आणि क्रमांकही येतो. मी दोन्ही डिस्कवर आधीच चिकटपट्टी लावून क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहिले होते. ते पडद्याशी ताडून पाहिले आणि मगच एंटर दाबलं. पुसण्याआधी ते पुन्हा पुन्हा विचारतं. मला हे विचारणं आवडलं. 

साधारण २१४ जीबी भरलेला डेटा पंचवीस मिनिटांत गेला. भरलेले भागच उचलतं, म्हणून इतका वेग. किती झालं, किती उरलं, मिनिटाला किती जीबी, हे सतत दिसत राहतं. यूपीएसची बॅटरी नुकतीच बदलली होती, म्हणून मी निश्चिंत बसले. बॅटरी जुनी असेल तर या कामाला बसूच नका.

भाच्याचा फोन नेमका तेव्हाच आला. "मावशी, जुनी डिस्क काढल्याशिवाय चालू करू नकोस हं." विंडोज ज्यांवरून डिस्क ओळखतं ते दोन्ही डिस्कचे आतले ओळखक्रमांक (चिकटपट्टीवरचे नव्हेत) आता एकच झालेले असतात. दोन्ही लावून मशीन चालू केलं तर विंडोज त्यांतली एक बाजूला टाकतं, किंवा जुनीवरूनच सुरू होतं आणि आपल्याला वाटतं नवीन चालली. मी जुनीची केबल काढली, मशीन चालू केलं, आणि तोच माझा रामकुंडाचा वॉलपेपर आला. पत्रिका उघडली. 'श्री गणेशाय नमः' स्पष्ट. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत.

पण सी ड्राइव्ह होता तेवढाच होता. नवीन डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते (कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने), आणि त्यातली ७०८ जीबी मोकळी पडलेली. काही बदललं नाही तर विभागांची (पार्टिशनची) मापं जुनीच राहतात. विभाग प्रमाणात ताणून घेण्याचा पर्याय असतो, पण मी तो घेतला नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड' दाबायला गेले तर ते फिकट. कारण सी आणि मोकळी जागा यांच्या मध्ये विंडोजचा छोटा, बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी ठेवलेला रिकव्हरी विभाग बसलेला असतो, आणि विंडोज फक्त लगेच पुढची जागाच जोडून घेतं. नव्या माणसाचा संपूर्ण आनंद या एका टप्प्यावर मावळू शकतो, आणि क्लोनझिला त्याबद्दल काहीच सांगत नाही. माझी तक्रार असेल तर एवढीच.

हे काम जीपार्टेडनं केलं, तेही फुकट आणि पेनड्राइव्हवरूनच चालतं. त्याचा पडदा मात्र माणसाळलेला आहे: विभाग रंगीत पट्ट्यांमध्ये दिसतात. आधी विंडोजमध्ये रिकव्हरीची सोय बंद केली. मग जीपार्टेडमध्ये रिकव्हरी विभाग शेवटाला सरकवला, सी ताणला आणि 'अप्लाय' दाबलं. परत विंडोजमध्ये येऊन रिकव्हरीची सोय चालू केली. आधी बंद, नंतर चालू हा क्रम सोडू नका, नाहीतर विंडोज जुन्याच ठिकाणी तो विभाग शोधत राहील.

तुमची डिस्क मोठी करताना जर विभागांची नोंद ठेवणारा तक्ता जुन्या प्रकारचा, एमबीआरचा असेल, तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येणार नाही. आधी तो नव्या प्रकारचा, जीपीटी करा. माझी जीपीटीच होती, त्यामुळे मला हे लागलं नाही. नवीन डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर मात्र क्लोनझिला साधेपणानं घेत नाही, लक्ष्य बरोबरीचं किंवा मोठं हवं.

एकदा केबल लावायला आणि क्रमांक ताडायला घाबरत नसाल, तर या कामासाठी कोणाकडे मशीन सोडून येऊ नका. ज्यांना काळ्या-निळ्या पडद्याचीच भीती वाटते त्यांनी कुणा जाणत्याला शेजारी बसवून करावं, पण आपल्या समोर करावं. माझ्यासारखी जुन्या फॉन्टवर पोट भरणारी माणसं नाशकात कमी नाहीत, हे मी मुद्दाम त्यांच्यासाठी लिहिते आहे.

जुनी डिस्क मी पत्रिकेच्या जाड पाकिटात घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. सिंहस्थाची पहिली मोठी ऑर्डर छापून बाहेर पडेपर्यंत ती पुसायची नाही.