डबल कॅब पिकअप रोजच्या रस्त्यावर: फोंडा, पणजी आणि सत्तरी

डबल कॅब पिकअप, म्हणजे पुढे दोन रांगा सीटच्या आणि मागे सामानाचा उघडा हौदा असलेली गाडी, घेऊ का, असं विचारणारे बहुतेक जण इंजिनाबद्दलच विचारतात. इंजिनाची काळजी सोडा, ताकद हवी त्यापेक्षा जास्तच आहे. रोजच्या वापरात नडतात त्या दोन गोष्टी, लांबी आणि रिकामा हौदा. माझं घर गोव्यात फोंड्याला, नोकरी पणजीत, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) सत्तरीत. गेला अख्खा पावसाळा आणि पुढचे कोरडे महिने मी हीच एक गाडी चालवतोय.

आपल्याकडे या वर्गात टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस मिळतात. दोन्ही ५.२ मीटरपेक्षा लांब आहेत आणि पार्किंगची जागा आखताना मोटारीला साधारण ५ मीटर धरतात. म्हणजे नाक तरी बाहेर, नाहीतर शेपूट. पणजीत अठरा जून रस्त्यावर जागा शोधणं मी कधीच सोडलं. पाटोला गाडी लावतो आणि चालत जातो. फोंतेन्हासच्या गल्ल्यांत तर नेऊच नका.

वळणाची सवय व्हायला वेळ लागतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटरहून जास्त अंतर आहे, त्यामुळे वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या बरंच आतून जातं. गावातल्या अरुंद रस्त्याला चिऱ्यांच्या गडग्याचा कोपरा आला की पुढचं चाक कोपरा ओलांडून चांगलं पुढे जाऊ द्यायचं, डाव्या आरशात मागचा टायर नजरेत ठेवायचा आणि मगच स्टिअरिंग फिरवायचं. नेमकी तेव्हाच डावीकडून स्कूटर घुसते. बॉनेट इतकं उंच आहे की अगदी पुढ्यात उभं असलेलं लहान मूल सीटवरून दिसत नाही. शाळेजवळ गाडी उभी असेल तर पुढे एक फेरी मारल्याशिवाय मी ती हलवत नाही, आणि ही गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

आता हौद्याचं. मागे पाट्याच्या स्प्रिंग आहेत, भरपूर ओझं पेलायला बनवलेल्या. हौदा रिकामा असला की प्रत्येक गतिरोधकावर मागची बाजू उडते. आई मागे बसली की फोंड्याहून म्हापशाला जाईपर्यंत तिची कंबर धरते. त्याच गाडीत नारळाची पोती भरा, ती शांत होते. रिकामी चालवताना टायरमध्ये भरलेल्या गाडीएवढी हवा ठेवू नका, थोडा फरक पडतो.

पावसात हेच रिकामेपण जास्त जपावं लागतं. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते आणि त्या चाकांवर वजनच नसतं. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा वळणावर अॅक्सिलरेटर अगदी हलका ठेवायचा. फोर बाय फोर आहे ना, चारही चाकांना ताकद मिळते ना, असं लोक म्हणतात. पण यात मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नाही. पकड असलेल्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा मोड) टाकून वळलं तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण सगळा गिअरवर येतो. तो मोड लाल चिखलासाठी आहे. किनाऱ्यासाठीही नाही, वाळूवर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे.

बाजारहाटाच्या छोट्या फेऱ्या डिझेलला मानवत नाहीत. धुराचा फिल्टर साफ व्हायला इंजिन बराच वेळ गरम राहावं लागतं. मला रोजचा पणजीचा रस्ता आहे म्हणून निभावतं. नुसतं फोंड्यातल्या फोंड्यात फिरणाऱ्याने पेट्रोल गाडी बघावी. माझी गाडी शहरात लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास देते.

मग ही गाडी ठेवलीय कशाला? सत्तरीत आमच्या कुळागराच्या आधी एक व्हाळ (ओढा) आहे. आधी पावसात गाडी अलीकडे ठेवून सुपारीची पोती डोक्यावरून आणायचो. आता पाण्याचा जोर बघून, फोर-लोमध्ये (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर), सावकाश पलीकडे जातो. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवाचं) सगळं सामान, सुपारीचे घोस, केळीचे घड, नारळाचा घोस, एका खेपेत घरी आलं, शेजारच्या दोन घरांचंसुद्धा.

हौद्याला झाकण मात्र पहिल्याच दिवशी बसवून घ्या. उघड्या हौद्यात पानं पडतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि तळ्यात किराणा भिजतो. चिखलाचे जाड टायरही डांबरावर आवाज करतात, ओल्यात पकडही कमी देतात. माझे झिजले की ऑल टेरेन घालणार आहे.